वेष्टन कोण वाचतं?



स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखण्यासाठी 1986 साली जो कायदा झाला, त्यातल्या व्याख्यांकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. सिनेमाची पोस्टरं आणि मासिकांची मुखपृष्ठं यांवरून आपण पुष्कळ भांडलो. पण या कायद्याने ‘जाहिरात’ या शब्दात लेबल आणि वेष्टन यांचाही स्पष्ट समावेश केलेला आहे. म्हणजे साबणाच्या वडीवरचा कागद, तेलाच्या बाटलीवरची चिठ्ठी, शेवयांची पिशवी हे सगळं कायद्याच्या लेखी बोलणारं माध्यम आहे. आणि हे माध्यम बहुतेक वेळा बाईशीच बोलतं. घरातली यादी करणं, वाण्याकडून सामान आणणं, पुरवून वापरणं, शेवटी रिकामी पिशवी धुऊन वाळत घालणं हे सगळं काम तिच्याच वाट्याला आलेलं असतं. या कामाचा पगार नाही, पण त्यातल्या चुकीचा दोष मात्र तिचा!

या अंकासाठी ‘बाजार आणि बाई’ हा विषय ठरला तेव्हा मी सुचवलं, की वेष्टनं वाचणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, आपण लिहायला हवं. बैठकीत एकदोघी नाराज झाल्या. ‘हा विषय व्यवस्थापनाच्या मासिकात शोभेल. आपल्यापुढे काय कमी प्रश्न आहेत?’ असं त्यांचं म्हणणं. त्यांची तक्रार मला समजते. तरीही हा विषय आपला आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते या संपादकीयात मांडते आहे.

पहिली गोष्ट, वेष्टनाचं राजकारण स्त्री-चळवळीला नवं नाही. फेअर अँड लव्हली हे क्रीम आपल्याकडे 1975 साली बाजारात आलं. योगायोग असा, की तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. सावळ्या चेहऱ्यापासून उजळ चेहऱ्यापर्यंत पायरीपायरीने जाणारी चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला नवरा किंवा नोकरी उभी असायची. जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि 2003 साली त्यातल्या जाहिराती पडद्यावरून जाव्या लागल्या. पुढे 2020 साली त्या नावातला ‘फेअर’ गेला आणि तिथे ‘ग्लो’ आला. शब्द बदलला म्हणून मनातला रंगभेद गेला असं कोणी म्हणणार नाही. पण साडेचार दशकं कंपनीला जो शब्द सोन्यासारखा वाटत होता, तो तिला खाली उतरवावा लागला, हेही खरं. तो शब्द वाचणाऱ्या, त्याचा अर्थ लावणाऱ्या आणि त्यावर बोलत राहणाऱ्या बायका होत्या म्हणून हे घडलं.

दुसरं उदाहरण मला याहून मोठं वाटतं. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर पूर्वी गुटगुटीत बाळ हसत असे. जिला अक्षर येत नाही तिलाही ते चित्र वाचता येई: ही पावडर पाज, तुझंही बाळ असं होईल. 1992 च्या कायद्याने या डब्यांवर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला बंदी केली आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे हे लिहिणं सक्तीचं केलं. चित्र हा निव्वळ सजावटीचा भाग नाही, तो युक्तिवाद असतो, हे इथे कायद्याने मान्य केलं. आज दुकानात गेलात तर असा एखादा डबा हातात घेऊन पाहा. तिथे बाळ नाही. ती रिकामी जागा आपल्या आणि आपल्यासारख्या अनेकांच्या कामाची खूण आहे.

आता यंत्राकडे येऊ. पूर्वी एखादा नवा पुडा बाजारात आणायचा तर कंपनीची माणसं दहा-बारा बायकांना एका खोलीत बसवत. चहा-बिस्किटं देत, तीन-चार नमुने समोर ठेवत आणि विचारत, ‘यातला कोणता घ्याल?’ त्या विचारण्यातही लबाडी होतीच, पण समोर जिवंत बाई होती. ती ‘मला यातला एकही नको’ असं म्हणू शकत होती. आता पुष्कळ ठिकाणी पुड्याचं चित्र सरळ संगणकाला दिलं जातं. आधी अनेक माणसांना चित्रं दाखवून त्यांची नजर कुठे कुठे फिरली याच्या नोंदी केलेल्या असतात. त्या नोंदींवरून यंत्र अंदाज बांधतं, की पहिल्या चार-पाच सेकंदांत गिऱ्हाइकाची नजर कुठे पडेल. जिथे पडेल तो भाग लाल, जिथे पडणार नाही तो निळा, असा एक नकाशाच ते काढून देतं. शिवाय गिऱ्हाइकांनी लिहिलेले हजारो अभिप्राय ते चाळतं, शेजारच्या मालाशी तुलना करतं, आणि रंग बदलून, अक्षर बदलून नवे नमुनेही काढून देतं. दिवसांचं काम मिनिटांत. बाईला विचारण्याची गरजच उरत नाही. तिच्या वतीने यंत्र उत्तर देतं.

या नकाशातला निळा भाग मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो. नजर कुठे जात नाही हे एकदा कळलं, की छापणं तर भाग आहे पण वाचलं जाऊ नये असा मजकूर कुठे ठेवावा, हेही कळतं. साखरेचा आकडा, घटलेलं वजन, ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ ही ओळ. हातचलाखी करणाऱ्याला प्रेक्षकाची नजर कुठे नसते हे पक्कं ठाऊक असतं. ते ज्ञान आता विकत मिळू लागलं आहे.

बरं, हे यंत्र बाईकडे पाहतं तरी कसं? 2018 साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जेमतेम 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका प्रणालीत 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. 2020 साली दुसऱ्या काही संशोधकांनी अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांची छायाचित्रं अशाच एका यंत्राला दाखवून ‘यात काय दिसतं’ हे विचारलं. पुरुषांना पदाची, कामाची विशेषणं मिळाली. त्याच सभागृहात निवडून आलेल्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र रूपाबद्दलची वर्णनं आली, आणि तीही पुरुषांच्या तिप्पट. केस, हसू वगैरे. यंत्राला हे कोणी मुद्दाम शिकवलं नाही. जगाने बाईकडे जसं पाहिलं, तशी चित्रं आणि तसे मथळे त्याच्यासमोर ओतले गेले आणि तेच त्याने घोकलं. अशा नजरेला ‘ही बरणी बायकांना आवडेल का?’ असं विचारलं, तर उत्तर कुठल्या बाईचं असेल?

हे मी प्रत्यक्ष पाहिलं ते एका बचत गटाच्या बैठकीत. काळा मसाला, तिखट आणि कुरडया करणारा हा गट. साध्या पिशवीवर लाल शाईत गटाचं नाव, खाली करणाऱ्या बायकांची नावं, गावाचं नाव आणि वजन. एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्या पिशवीचा फोटो मोबाईलवरच्या यंत्राला दाखवला आणि सुधारणा विचारल्या. यंत्राने मोठ्या अदबीने सांगितलं, की पिशवी जरा जुनाट वाटते, मजकूर फार झाला आहे, नावं काढून टाकावीत, एखादं सुटसुटीत इंग्रजी नाव घ्यावं आणि हसऱ्या स्त्रीचं चित्र घालावं. चित्रही काढून दिलं. नऊवारी नेसलेली, गोरीपान, सडपातळ, अंगभर दागिने ल्यालेली बाई आणि डोक्यावर घडा! सगळ्याजणी मोबाईलभोवती जमल्या. एक मावशी म्हणाल्या, “ही मिरच्या कधी निवडणार? हिच्या हाताची आग कधी झालीय का?” हशा पिकला.

पण त्यानंतरची चर्चा हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एक ताई म्हणाल्या, “हसू नका. मोठ्या दुकानातला माणूस असलंच मागतो. आपली नावं वाचून कोण मसाला घेतंय?” दुसरीचं म्हणणं, “नाव काढलं तर मग आपण फक्त मजुरीच करतोय की.” पोटाचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न अशा समोरासमोर उभ्या राहतात तेव्हा बाहेरून आलेल्या माझ्यासारखीने उपदेश करू नये. मी गप्प राहिले. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. वजनाचा आकडा फिका आहे आणि तो पटकन दिसत नाही, हे यंत्राचं म्हणणं त्यांना पटलं. तो ठळक करायचं ठरलं. नावं मात्र राहिली. घड्याची बाई गेली. यंत्राचं काय ऐकायचं आणि काय सोडायचं, हे ज्यांच्या हाताला तिखटाची सवय आहे त्यांनी ठरवलं. मला यापेक्षा चांगलं धोरण कुठल्याही अहवालात सापडलेलं नाही.

1959 साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘श्री महिला गृहउद्योग’ होतं आणि आजही आहे. समजा, त्या दिवशी एखाद्या यंत्राला सल्ला विचारला असता, तर त्याने ‘महिला’ आणि ‘गृहउद्योग’ हे दोन्ही शब्द जड म्हणून काढायला सांगितले असते की नाही, याचा विचार करून पाहा.

मग हे यंत्र आपण हातात घ्यायचंच नाही का? माझं मत तसं नाही. आमच्या अभ्यासगटाने काही महिने एक साधा प्रयोग केला. घरी रिकामी झालेली वेष्टनं प्रत्येकीने आणायची, गटात बसून मोबाईलने त्यांचे फोटो काढायचे आणि यंत्राला मराठीत प्रश्न विचारायचे. यात काय काय आहे? पहिलं काय लिहिलंय? नगामागे किती पडतात? ज्यांना वाचता येत नाही त्या मैत्रिणींनी पुड्याच्या मागची बारीक अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा मराठीतून ऐकली. अन्नपदार्थात जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो, हा नियम समजला तेव्हा मुलांच्या ‘पौष्टिक’ पावडरीच्या बरण्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. अशा पेयांना ‘आरोग्यपेय’ या सदराखाली विकू नका, असं केंद्र सरकारने 2024 च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, ही बातमी मग आमच्या गटात नुसती बातमी राहिली नाही.

दाढीच्या पुरुषी पात्यांचं आणि बायकांसाठीच्या गुलाबी पात्यांचं पाकीट शेजारी ठेवून नगामागचा दर काढणं हा तर मुलींचा आवडता खेळ झाला. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने 2015 साली सुमारे 800 वस्तू अशाच जोडीजोडीने तपासल्या होत्या. बायकांसाठीच्या वस्तू सरासरी 7 टक्क्यांनी महाग निघाल्या, आणि अंगाला लावायच्या-वापरायच्या वस्तूंत तो फरक 13 टक्के होता. आपल्याकडे दर ग्रॅमला, दर मिलिलिटरला किंवा दर नगाला किती पडतात हे छापण्याचा नियम 2021 च्या दुरुस्तीने आला आहे. तेव्हा ही तपासणी कुठल्याही गावातल्या दुकानात उभ्या उभ्या करता येते.

मात्र यंत्र चुकतं, आणि बेधडक चुकतं. चुरगळलेल्या पुड्यावरचा आकडा त्याने दोनदा वेगवेगळा वाचला. एका साबणात जो घटक नव्हताच तो आहे म्हणून सांगितलं. म्हणून आम्ही नियम केला: यंत्र सांगेल ते एकीने भिंगातून पुड्यावर पडताळायचं, मगच वहीत उतरवायचं. भिंगाची किंमत फार नाही आणि त्याला चार्जिंगही लागत नाही!

मोजणं आणि वाचणं यांतला फरकही लक्षात ठेवायला हवा. युनिसेफ आणि जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी 2021 साली भारतातल्या 1,000 हून अधिक जाहिरातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या वेळात स्त्रियांचा वाटा 59.7 टक्के आणि बोलण्याच्या वेळात 56.3 टक्के निघाला. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, समता आली! पण याच अभ्यासात दिसलं, की या बायका दिसतात त्या मुख्यतः घरकामाच्या, सौंदर्याच्या वस्तू विकताना. उजळ किंवा मध्यम उजळ कांतीच्या स्त्रिया 66.9 टक्के, तर तशा कांतीचे पुरुष 52.1 टक्के. चेहरे मोजायला यंत्र उपयोगी आहे. तो चेहरा तिथे का आणला आणि कोणाच्या सोयीसाठी हसवला, हा अर्थ लावायला माणूसच लागतो, आणि त्या अनुभवातून गेलेलं माणूस लागतं. शिवाय जे छापलेलंच नाही ते यंत्र काय वाचणार? विडीच्या बंडलावर कारखानदाराचं नाव असतं, धोक्याचं चित्र असतं. सोलापुरात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणारी बाई त्यावर कुठे असते?

आता मागण्यांकडे वळते. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता वगैरे मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतो. मराठीला मनाई नाही, पण सक्तीही नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुड्यावर किमान किंमत, वजन, तारीख, घटक आणि धोक्याच्या सूचना मराठीत हव्यात, ही मागणी आपण ग्राहक संघटनांबरोबर मिळून लावून धरली पाहिजे.

याच नियमांत असंही म्हटलं आहे, की हा मजकूर सुवाच्य आणि ठळक असावा. ठळक म्हणजे किती, हा वाद नेहमीचा. इथे कंपन्यांचंच हत्यार आपल्या उपयोगी पडेल. नजर कुठे जाते हे सांगणारं यंत्र कंपनीला परवडतं, तर ते वैधमापन खात्याने आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वापरावं. कायद्याने सांगितलेला मजकूर निळ्या भागात सापडला तर तो पुडा ‘ठळक’ या कसोटीत नापास करावा. अर्थात नापास करण्याचा निर्णय माणसाचा असावा आणि त्याची कारणं लेखी द्यावीत.

तिसरी मागणी क्यूआर कोडबद्दल. मोबाईलने टिपला की माहिती मिळते, म्हणून छापील मजकूर कमी करावा असा सूर अधूनमधून लागतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के होत्या, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या 33 टक्के. कोड जरूर छापा, पण छापील अक्षराच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नको.

चौथी गोष्ट समोरच्या सूचनेची. चिलीमध्ये 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पदार्थांच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो. तो कळायला ना यंत्र लागतं ना भिंग. आपल्याकडे अशा दर्शनी सूचनांबाबत 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं होतं. सूचना साधी, दर्शनी आणि निरक्षर बाईलाही कळेल अशी असावी, यावर आपण ठाम राहायला हवं. जी माहिती शोधून काढायला यंत्र लागतं, ती मुळात लपवलेलीच असते.

हे सगळं बाईनेच का वाचायचं, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. बिनपगारी कामांच्या यादीत ‘लेबलं वाचणं’ हे आणखी एक काम वाढवण्याचा माझा हेतू नाही. घरातल्या पुरुषांनीही पुडा उलटा करून वाचावा. पण मुख्य जबाबदारी छापणाऱ्याची आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्याची आहे. आपण गटाने वाचतो ते त्यांना जाब विचारता यावा म्हणून.

म्हणून विनंती अशी. पुढच्या तीन महिन्यांत आपापल्या गटात एक बैठक वेष्टनांसाठी ठेवा. मोबाईल असेल तर वापरा, नसेल तर भिंग पुरे. जे सापडेल ते वेष्टनासकट आमच्याकडे पाठवा: न दिसणारी किंमत, न कळणारी भाषा, पटलेलं किंवा खटकलेलं चित्र. यंत्राने दिलेलं उत्तर आणि तुमच्या गटाने लावलेला अर्थ, दोन्ही शेजारी शेजारी लिहा. पुढच्या अंकात ते छापू आणि त्याच्या आधारे वर लिहिलेल्या मागण्यांचं निवेदन वैधमापन खात्याला देऊ. निवेदनाखाली सह्या हव्यातच. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठेही हवेत. विषय त्यांच्याच वाचण्याचा आहे.